युद्धामुळे घडलेला स्वतंत्र माहितीपटकार कोण?

देवगडहून आपण विचारले आहे की, युद्धाने ज्याची दृष्टी घडवली असा मराठी घरातला माहितीपटकार कोण. माझे उत्तर आनंद पटवर्धन असे आहे.

त्यांचा जन्म १९५० साली मुंबईत झाला. अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठात शिकत असताना ते व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या चळवळीत सामील झाले, आणि सत्तेच्या दाव्यांना सामान्य माणसाच्या बाजूने प्रश्न विचारण्याची त्यांची वृत्ती तेथेच पक्की झाली असावी, असे मला वाटते. पुढे १९९८ च्या भारताच्या पोखरण व पाकिस्तानच्या चगाई येथील अणुचाचण्यांनंतर त्यांनी भारत, पाकिस्तान, जपान आणि अमेरिकेत चित्रीकरण करून २००२ मध्ये ‘जंग और अमन’ हा अण्वस्त्रांविरुद्धचा माहितीपट पूर्ण केला. चित्रपट परीक्षण मंडळाने (सेन्सॉर बोर्डाने) त्यात अनेक काटछाटी सुचवल्या. परंतु ते न्यायालयात गेले आणि २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एकही दृश्य न कापता प्रदर्शनाची परवानगी दिली.

माडबन-जैतापूरचा अणुऊर्जेचा वाद रत्नागिरीत राहून जवळून पाहिलेल्या मला हा माहितीपट फार आतून भिडला. वीजप्रकल्प म्हणजे बॉम्ब नव्हे, हे मान्य करूनही आपण तो अवश्य पाहावा.