शाळेतला पहिला संगीत दिवस बसवताना

मॅडम, अगदी पहिल्यांदाच करताय तर २१ जूनचा हट्ट सोडा. जागतिक संगीत दिवस खरा, पण आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यावर उघडते, शिवाय त्याच दिवशी योग दिन. हॉल मिळणार नाही, तालीम तर नाहीच. ऑगस्टमध्ये घ्या.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- पट्टी, म्हणजे पेटीच्या ज्या सुराला 'सा' धरून गायचं तो सूर. नव्यांची हमखास चूक इथेच. सर आपल्या सोयीने काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) धरतात आणि पोरं खाली घोगरी होतात. लहान मुलांना काळी चार-पाच लावून बघा. अंतऱ्यात (धृपदानंतरच्या कडव्यात, जिथे सूर वर जातो) ओरडायला लागली तर एखादी पट्टी खाली या.
- ताल. आधी टाळ्या, मग शब्द. केरवा या तालाच्या आठ मात्रा (ठोके) हातात बसल्या की गाणं पळत नाही. (पळवतात बहुधा मागच्या रांगेतलेच!)
- गाणी दोनच, पण वर्गातलं प्रत्येक मूल त्यात हवं. 'आवाज नाही' म्हणून कुणाला बाजूला बसवू नका.

कराओके ट्रॅक नको. पेटी आणि ढोलकी पुरे. माईक आदल्या दिवशीच तपासा. दोन आवाजांतलं गायन (दोन गटांनी एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांत गाणं) वगैरे पुढच्या वर्षी बघू.