हिरड्याचं बी उगवत नाही, बाळहिरड्याला बुरशी लागते: काय करावं?

प्रश्न (जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातून): झाडाखालची फळं गोळा करून पिशव्यांत लावली, एकही रोप आलं नाही. शिवाय यंदाचा बाळहिरडा (कोवळं तोडून वाळवलेलं हिरड्याचं फळ) पांढरट बुरशीनं खराब झाला.

उत्तर: बी मेलेलं नसतं, बंद असतं. हिरड्याची आठळी इतकी कठीण की पाणी आतल्या गरापर्यंत पोचत नाही. वरचा गर तसाच ठेवला तर तो सडतो आणि बुरशी घेऊन येतो. जानेवारी ते मार्चमध्ये पडलेली पूर्ण पिकलेली, पिवळसर फळं घ्या. वरचा गर काढून आठळ्या धुवा आणि सावलीत सुकवा. मग आठळीचं रुंद टोक कटरनं हलकेच छाटा. आतल्या गराला इजा झाली तर बी गेलंच, म्हणून पहिल्या दहा-बारा आठळ्या हात बसवण्यासाठी खर्ची घाला. छाटलेल्या आठळ्या 36 तास थंड पाण्यात भिजवून लगेच पेरा. सोटमूळ लवकर खोल जातं, त्यामुळे पिशवी उंच निवडा. कोवळ्या रोपाला सावली हवी, पण लागवडीनंतर झाडाला ऊन हवं असतं. 10 बाय 10 मीटर अंतरावर एकरी 40 झाडं बसतात. बियांच्या झाडाला फळ यायला बरीच वर्षं लागतात. घाई असेल तर कलमं घ्या.

आता बाळहिरडा. बाळहिरडा म्हणजे आठळी धरण्याआधीचं फळ. ब्लेडनं आडवं कापून पाहा, मधे कठीण भाग लागला तर ते बाळहिरड्यात मिसळू नका. एका पोत्यात अशी थोडी फळं दिसली तरी व्यापारी सगळ्या पोत्याचा भाव पाडतो. काठीनं झोडपू नका, कोवळ्या फांद्या मोडून पुढचा बहार घटतो. फळ मातीवर न वाळवता ताडपत्रीवर पातळ पसरा, दिवसातून दोनदा हलवा, संध्याकाळी झाका. वाळताना काळं पडणं हा दोष नाही. पांढरी बुरशी मात्र ओलं फळ पोत्यात कोंबल्यानं येते. फोडल्यावर आत ओलसर लागत नसेल तरच गोणपाटात भरा आणि पोती फळ्यांवर ठेवा. तोडणी मे महिन्यातच उरका. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानं याच पट्ट्यातल्या हिरड्याचं मोठं नुकसान केलं होतं.

त्रिफळ्यासाठी बाळहिरडा नव्हे, पिकलेला हिरडा लागतो, बेहडा आणि आवळ्याबरोबर समभाग. गरोदर स्त्रियांनी वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आणि बांधावरचं जुनं झाड तोडायचा विचार असेल तर थांबा: हिरडा 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहे, आपल्या मालकीच्या जमिनीतही आधी परवानगी लागते.