आयरनी म्हणजे दरवेळी उपरोधच का?

प्रश्न असा की अमेरिकन कथाकार ओ. हेन्रीच्या 'द रॅन्सम ऑफ रेड चीफ' (१९०७) या कथेतल्या आयरनीला, म्हणजे अपेक्षेच्या नेमकं उलट घडण्याला किंवा बोलण्याला, मराठीत उपरोध म्हणायचं का. माझं मत, सरसकट नको. उपरोधाला बोलणारा लागतो, मनात एक ठेवून मुद्दाम उलटं बोलणारा. इथे सॅम आणि बिल खंडणीसाठी दहा वर्षांचा पोरगा पळवतात, तोच बिलला इतकं छळतो की बिल पार रडकुंडीला येतो, मग बाप दीड हजार डॉलर द्यायचे सोडून पोराला परत घ्यायचे उलट अडीचशे मागतो आणि हे दोघं ते मुकाट्याने देतात, यात टोमणा कोण कुणाला मारतंय? कुणीच नाही, डाव उलटलाय.

बापाचं पत्र तर परत वाचाच. तुमची मागणी जरा जास्त वाटते, माझा प्रस्ताव असा, आणि रात्रीच या कारण शेजाऱ्यांना पोरगा हरवलाय असं वाटतंय, त्याला परत आणणाऱ्याचं ते काय करतील याची जबाबदारी माझ्यावर नाही. एक शब्द वाकडा नाही हो, त्याला जे म्हणायचंय तेच लिहिलंय, आणि ते इतकं सरळ आहे म्हणूनच हसू आवरत नाही.

मग शब्द कोणता? दैवदुर्विलास चांगला आहे पण त्यात दुःख आहे, विनोदी कथेला तो शोभत नाही. विरोधाभास हा वाक्यातला अलंकार, त्याचा इथे संबंध नाही. मला 'प्रसंगनिष्ठ विपर्यास' पटतो. हल्ली विपर्यास म्हटलं की विधानाचाच आठवतो, पण उलटापालट हा मूळ अर्थ इथे चपखल बसतो.

खरा उपरोध हवा असेल तर कथेच्या सुरुवातीलाच सापडेल. गाव एकदम सपाट आणि नाव समिट, म्हणजे शिखर, आणि कथा सांगणारा सॅम त्याला 'अर्थातच' जोडून सांगतो. त्या एका 'अर्थातच'मध्ये उपरोध आहे, कारण तिथे सॅम जाणूनबुजून उलटं बोलतोय. बिलचं मात्र तसं नाही, त्याला तात्पुरता बुद्धिभ्रंश म्हणायचं असतं आणि तोंडातून निघतो भुताखेताच्या अर्थाचा शब्द, त्याला बिचाऱ्याला कळतही नाही, म्हणून तो साधा शब्दनिष्ठ विनोद, तिथे उपरोध लिहू नका.