हाताने तपासून लिगामेंट कळतं का?

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे गोल्फ क्लब मैदानावर १६०० मीटरचा सराव करतो. मागच्या रविवारी पंचवटीत कबड्डी खेळताना चढाईवरून मागे फिरला, तेव्हा पाय रुतून राहिला आणि अंग वळलं. ‘कट्’ असा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. दोन तासांत गुडघा टम्म सुजला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाड ठीक आहे म्हणाले. मग दुखऱ्या पायाआधी चांगलाच पाय ओढून बघत बसले. शेवटी म्हणाले, ‘एसीएल लिगामेंट गेलेलं वाटतंय. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासू, एमआरआय नंतर.’ नुसत्या हाताने कसं कळतं? हे दिवस वाया तर जात नाहीत ना?
— एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, वाया जात नाहीत. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी बांधून ठेवणारा, नडगीला पुढे सरकू न देणारा पट्टा. चांगला पाय आधी तपासला हे वाचून तर मला फार बरं वाटलं. प्रत्येकाचा गुडघा सारखा घट्ट नसतो, काहींचे सांधे मुळातच सैल असतात. म्हणून तुमच्या मुलाचं माप त्याच्याच दुसऱ्या गुडघ्यावरून घ्यायचं. शिवाय पुढे काय होणार हे कळलं की पोरगं मांडी सैल सोडतं.

हे मी चुकून शिकले. शिकाऊ असताना एका खो-खो खेळणाऱ्या मुलीचा सुजलेला गुडघाच मी आधी धरला. धास्तीने तिने मांडी आवळली, नडगी हलली नाही आणि मी ‘लिगामेंट शाबूत’ लिहून मोकळी झाले. तीन आठवड्यांनी जिना उतरताना गुडघा निसटला म्हणून ती परत आली. आमच्या सरांनी तिला निवांत आडवं केलं, शाळेच्या गप्पा काढल्या, आधी चांगला पाय हलवला, मग दुखरा. नडगी चांगली अर्धा बोट पुढे आली. त्या मुलीचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

या तपासणीला लॅकमन टेस्ट म्हणतात. १९७६ पासून ती या नावाने ओळखली जाते. गुडघा जेमतेम २० ते ३० अंश वाकवायचा, एका हाताने मांडी पक्की धरायची आणि दुसऱ्याने नडगी गुडघ्याखालीच धरून पुढे ओढायची. एसीएल शाबूत असेल, तर बांधलेला कासरा ओढल्यावर जसा एकदम ताठ होतो, तसा अडसर हाताला लागतो. तुटलं असेल तर तो अडसर लागत नाही, नडगी नुसती सरकत जाते. गुडघा ९० अंशांत वाकवून ओढायची जुनी पद्धतही आहे, पण ताज्या सुजेत तेवढा वाकवणं अवघड, आणि मांडीमागचे स्नायू आखडून नडगीला धरून ठेवतात.

गुडघ्यातल्या गादीचं, म्हणजे मेनिस्कसचं, तसंच आहे. मॅकमरे टेस्टमध्ये गुडघा पूर्ण दुमडून, पाऊल आत-बाहेर वळवत हळूहळू सरळ करतात आणि सांध्याच्या रेषेवर बोट ठेवून कळ येते का, खटका लागतो का ते पाहतात. कळ नसताना नुसता आवाज आला तर घाबरू नका. पण सुजलेला गुडघा पूर्ण दुमडतच नाही, आणि ही टेस्ट ठीक आली म्हणून गादी शाबूत आहे असंही धरता येत नाही. म्हणून सूज ओसरल्यावर पुन्हा तपासायचं. एमआरआय हवाच, गादीसाठी आणि ऑपरेशन ठरवण्यासाठी. पण कोणी गुडघ्याला हात न लावता नुसत्या रिपोर्टवर ऑपरेशनची तारीख देत असेल, तर ‘आधी तपासा’ असं स्पष्ट म्हणा.

तोवर मालिश नको, धावणं नको. सूज उतरली की सरळ चालताना त्याला बरं वाटेल आणि तो मैदानावर जायचा हट्ट करेल. जाऊ देऊ नका. एसीएल नसलेला गुडघा वळताना दगा देतो आणि तेव्हा गादीही फाटू शकते. मध्येच गुडघा अडकून सरळ होईनासा झाला, तर आठ-दहा दिवस थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.