दोन फटींच्या प्रयोगातून लेझर पॉइंटरची तरंगलांबी कशी काढायची?

लेझरचा झोत जवळजवळच्या दोन बारीक फटींतून भिंतीवर (म्हणजे पडद्यावर) पाडला की तिथे आलटूनपालटून तेजस्वी आणि काळे पट्टे दिसतात. त्यांवरून तरंगलांबी काढायचं सूत्र सोपं आहे: तरंगलांबी = पट्ट्याची रुंदी × फटींमधलं अंतर ÷ पडद्यापर्यंतचं अंतर. पट्ट्याची रुंदी म्हणजे लागोपाठच्या दोन तेजस्वी पट्ट्यांच्या मध्यांमधलं अंतर.

समजा फटींमध्ये 0.25 मिमी अंतर आहे आणि भिंत 2 मीटरवर. एकच पट्टा मोजू नका, कडा धूसर असतात. दहा पट्टे ओलांडून मोजा. ते 52 मिमी भरले तर एक पट्टा 5.2 मिमीचा. सगळं मीटरमध्ये घालून गुणाकार-भागाकार केला की 650 नॅनोमीटर येतात, म्हणजे तांबडा प्रकाश.

खरी चूक होते ती फटींमधल्या अंतरात. तिथे 0.01 मिमी इकडेतिकडे झालं तरी उत्तर 4 टक्क्यांनी सरकतं, भिंतीपर्यंतच्या अंतरात मात्र सेंटीमीटरभर चूक झाली तरी फक्त अर्धा टक्का. म्हणून कॉलेजमध्ये सूक्ष्मदर्शक मिळत असेल तर फटी त्याखालीच मोजा, हे मी आग्रहाने सांगेन.

हा प्रयोग ज्याच्या नावाने ओळखला जातो त्या थॉमस यंगने 1801 मध्ये न्यूटनच्या वलयांच्या (सपाट काचेवर भिंग ठेवल्यावर दिसणाऱ्या रंगीत वलयांच्या) जुन्या मोजमापांवरून वेगवेगळ्या रंगांच्या तरंगलांब्या काढल्या, आणि त्या आजच्या आकड्यांच्या खूप जवळ आहेत! मला हे फार विलक्षण वाटतं.

लेझरच्या झोतात थेट बघू नका, पट्टे भिंतीवरच बघा.