कोडला कुणी हात लावला नाही, तरी साइट बंद पडली!

जुन्या वेबसाइटांबद्दल वाचकांनी पाठवलेल्या या वेळच्या बहुतेक प्रश्नांत एक वाक्य हमखास आहे: 'कोडमध्ये आम्ही काहीच बदल केलेला नाही.' माझा त्यावर विश्वास आहे. म्हणूनच जुनी साइट हातात आली की कोड मी सगळ्यात शेवटी उघडतो. आधी विचारतो, त्या आठवड्यात तिच्या आजूबाजूला काय बदललं? पीएचपी (साइटचा कोड ज्या भाषेत असतो ती), डेटाबेस, ब्राउझर, सर्टिफिकेट (साइटची ओळख पटवणारं) यांपैकी काहीतरी हललेलं असतंच.

प्रश्न: आमच्या संस्थेची साइट २०१२ मध्ये कोडइग्नायटर २ या पीएचपीच्या फ्रेमवर्कवर (तयार सांगाड्यावर) केलेली आहे. होस्टिंगवाल्यांनी परवा पीएचपी ५.६ काढून थेट ८ टाकलं. आता कोरं पांढरं पान येतं, एररसुद्धा दिसत नाही. सुरुवात कुठून करू?

कोरं पान आलं म्हणजे एरर आहेच, फक्त ती दाखवू नये असं कुणीतरी सांगून ठेवलंय. कोडइग्नायटरच्या मुख्य इंडेक्स फाइलमध्ये अगदी वर 'एन्व्हायर्नमेंट'ची ओळ असते. तिथे 'प्रॉडक्शन' लिहिलेलं असेल, तर सगळ्या तक्रारी गिळल्या जातात. पुष्कळ जण घाईत तिथे 'डेव्हलपमेंट' लिहून मोकळे होतात. चालू साइटवर तसं करू नका. येणाऱ्या-जाणाऱ्याला तुमच्या फोल्डरांचे पत्ते आणि टेबलांची नावं दिसायला लागतात.

त्याऐवजी त्याच फाइलीत 'प्रॉडक्शन'खाली एरर-रिपोर्टिंग शून्य केलेलं असेल तर ते सुरू करा, एरर पानावर दाखवणं मात्र बंदच ठेवा, आणि सर्व्हरचा एरर लॉग (तक्रारींची नोंदवही) उघडा. फ्रेमवर्कचा स्वतःचा लॉगही असतो, पण कॉन्फिगमधला 'लॉग थ्रेशोल्ड' बहुधा शून्यावर, म्हणजे काहीच लिहू नकोस असा असतो. तो १ करा आणि लॉग्जच्या फोल्डरात लिहायची परवानगी आहे ना ते बघा. फ्रेमवर्क लोड होण्याआधीच साइट कोसळत असेल तर हा लॉग रिकामाच राहील, तेव्हा सर्व्हरच्याच लॉगवर भिस्त.

पहिली तक्रार बहुतेक मायएसक्यूएल-कनेक्ट हे डेटाबेसशी जोडणी करणारं फंक्शन सापडत नाही अशी असेल. ते जुनं फंक्शन-कुटुंब पीएचपी ५.५ मध्ये, २०१३ साली, नकोसं ठरवलं गेलं आणि डिसेंबर २०१५ च्या ७.० मध्ये काढूनच टाकलं. तुमच्या डेटाबेस कॉन्फिगमध्ये ड्रायव्हर 'मायएसक्यूएल' असेल, तो 'मायएसक्यूएलआय' करा. एका अक्षराचं काम. मात्र मूळ डेव्हलपरने फ्रेमवर्कला वळसा घालून थेट क्वेऱ्या लिहिल्या असतील, तर त्या एकेक करून शोधाव्या लागतील. (लिहिलेल्या असतातच. बहुधा 'रिपोर्ट' नावाच्या फाइलीत.) पुढे ईच, क्रिएट-फंक्शन, एमक्रिप्ट अशी पीएचपीतून काढून टाकलेली जुनी मंडळी एकेक करून समोर येतील. जीवघेण्या एररवर पीएचपी तिथेच थांबतं, त्यामुळे एक मिटवल्याशिवाय दुसरी दिसत नाही. याला कंटाळायचं नाही.

खरी भीती लॉगमध्ये न येणाऱ्या बदलांची आहे. पीएचपी ७ पर्यंत रिकामी स्ट्रिंग (रिकामा मजकूर) आणि शून्य यांची दुहेरी बरोबरच्या चिन्हाने तुलना केली की उत्तर 'हो' यायचं. ८ मध्ये 'नाही' येतं. फॉर्ममध्ये सवलतीचा रकाना कुणी रिकामा सोडला, आणि कोडमध्ये 'सवलत शून्य असेल तर पूर्ण रक्कम घ्या' असं लिहिलेलं असेल, तर आता ती अट लागूच होत नाही. एरर नाही, इशारा नाही, फक्त हिशोब चुकतो. म्हणून पैसे, तारखा आणि स्टेटस यांची तुलना करणाऱ्या ओळी डोळ्यांखालून घालाच.

होस्टिंगवाले काही दिवस पीएचपी ७.४ द्यायला तयार असतील, तर साइटची प्रत आधी तिथे चालवा. त्या व्हर्जनचा सपोर्ट २८ नोव्हेंबर २०२२ ला संपला, तेव्हा कायमचा मुक्काम तिथे नको. पण ८ मध्ये जिथे साइट कोसळते, अशा कितीतरी ठिकाणी ७.४ नुसता इशारा देतं, त्यामुळे कामांची यादी एका बैठकीत हाती लागते. नंतर कोडइग्नायटर ३ वर या. ४ मुळापासून नव्याने लिहिलेलं आहे, ते अपग्रेड नसून स्थलांतर आहे. ३ मध्ये क्लासच्या फाइलचं पहिलं अक्षर कॅपिटल लागतं. विंडोजवर ते कळत नाही, लिनक्सवर मात्र 'फाइल सापडत नाही' म्हणून अडतं.

प्रश्न: नव्या सर्व्हरवर गेल्यापासून इंग्रजी मजकूर ठीक आहे, पण मराठीच्या जागी तिरकी रेघ दिलेले ए, चलनाची चिन्हं असं काहीतरी विचित्र दिसतं. पानाचं एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) तर यूटीएफ-८ च आहे. फाँट बदलून पाहिला, उपयोग नाही.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! फाँटचा यात काडीचा दोष नाही. तुम्हाला दिसणारी चिन्हंच सगळं सांगतात.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. 'म' घ्या, हेक्समध्ये (सोळाच्या अंकपद्धतीत): ई०, ए४, एई. हेच तीन बाइट लॅटिन-१ (एका बाइटला एक युरोपीय अक्षर मानणारं जुनं एन्कोडिंग) म्हणून वाचले की दिसतो रेघवाला ए, मग चलनाचं सर्वसाधारण चिन्ह, मग वर्तुळातला आर. दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा किंवा पाय मोडायचं चिन्ह आलं की दुसरा बाइट ए५ होतो आणि चलनाच्या जागी येनचं चिन्ह दिसतं. तुमचा मजकूर नीट पाहा, अधूनमधून येन दिसेलच.

झालं असं. जुन्या मायएसक्यूएलमध्ये टेबलही लॅटिन-१ आणि जोडणीही लॅटिन-१. साइट यूटीएफ-८ चे बाइट पाठवायची, डेटाबेस त्यातला प्रत्येक बाइट म्हणजे एक युरोपीय अक्षर समजून ठेवायचा आणि मागितल्यावर तसाच परत द्यायचा. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या, म्हणून वर्षानुवर्षं मराठी छान दिसली. नव्या सर्व्हरवर जोडणी यूटीएफ-८-एमबी-४ ची आहे (मायएसक्यूएलमधला पूर्ण यूटीएफ-८, ८.० पासून तोच ठरलेला संच). आता डेटाबेस प्रामाणिकपणे 'लॅटिन' अक्षरांचं यूटीएफ-८ मध्ये रूपांतर करून देतो, आणि झाकलेली चूक उघडी पडते.

काही करण्याआधी डेटाबेसची प्रत घ्या. मग 'मराठी' हाच शब्द असलेली एक ओळ शोधा. त्यात पाच चिन्हं आहेत: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. डेटाबेसला अक्षरांची लांबी विचारा. पंधरा सांगितली तर रोग तोच. आता हेक्स पाहा. सुरुवात ई०ए४एई अशी असेल तर बाइट शाबूत आहेत, नुसती पाटी चुकीची आहे. कॉलमचा प्रकार आधी बायनरी करा, मग यूटीएफ-८-एमबी-४ चा टेक्स्ट करा. या वाटेने बाइट हलत नाहीत, पाटी तेवढी बदलते. टेबलावर थेट 'कन्व्हर्ट टू' चालवलंत, तर डेटाबेस चुकीच्या अक्षरांचंच भाषांतर करून ठेवील.

हेक्सची सुरुवात सी३ए० अशी असेल, तर ते भाषांतर सर्व्हर बदलतानाच होऊन गेलंय. मग आधी कॉलम लॅटिन-१ मध्ये कन्व्हर्ट करायचा, नंतर बायनरी, नंतर यूटीएफ-८-एमबी-४. इथे एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलोय. स्थलांतरानंतर भरलेल्या ओळी आधीच बरोबर असतात. लॅटिनमध्ये देवनागरी बसत नाही, त्यामुळे या पायरीवर त्यांची प्रश्नचिन्हं होतात. आणि प्रश्नचिन्ह झालेलं अक्षर परत येत नाही, बॅकअप हाच उपाय. तारीख पाहून नव्या ओळी बाजूला काढा, मगच सुरू करा.

आणखी एक. लॅटिन-१ मध्ये शंभर अक्षरांचा कॉलम म्हणजे शंभर बाइट, म्हणजे मराठीची जेमतेम तेहतीस चिन्हं. जुनी शीर्षकं शेवटी तुटलेली दिसतात ती यामुळे. त्यातलं शेवटचं चिन्ह अर्धवट कापलं गेलं असेल, तर रूपांतर त्या ओळीवर अडेल. तो तुटका शेपटा हातानेच छाटावा लागतो.

प्रश्न: आमच्या जुन्या दुकान-साइटवर ग्राहक पेमेंट गेटवेवर जातो, पैसे कापले जातात, पण परत येतो तो लॉगआउट होऊनच. ऑर्डर 'अपूर्ण' राहते. डेव्हलपर म्हणतो, 'माझ्याकडे तर चालतंय.'

तुमचा डेव्हलपर खोटं बोलत नाही. तो भराभर टेस्ट करतो, एवढंच.

फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोम ८० आला. त्यापासून, ज्या कुकीवर (ग्राहक ओळखण्यासाठी साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणेवर) 'सेमसाइट'बद्दल, म्हणजे दुसऱ्या साइटवरून येताना ती पाठवायची की नाही याबद्दल, काहीच लिहिलेलं नाही ती 'लॅक्स' धरली जाते. म्हणजे दुसऱ्या साइटवरून साध्या लिंकने कुणी तुमच्याकडे आलं तर कुकी जाते, पण पोस्ट पद्धतीने फॉर्म पाठवून आलं तर जात नाही. तुमचा गेटवे ग्राहकाला पोस्टनेच परत पाठवत असणार. सेशनची कुकी पोचत नाही आणि साइटला वाटतं, कुणी नवाच माणूस आला.

मग कधीकधी चालतं ते कसं? क्रोमने जुन्या साइटांसाठी एक फट ठेवली आहे: कुकी तयार होऊन दोन मिनिटं झाली नसतील तर ती अशा पोस्टबरोबरही जाऊ दिली जाते. डेव्हलपर लॉगिन करतो, टेस्ट कार्ड टाकतो, दीड मिनिटात परत येतो. खरा ग्राहक वस्तू बघतो, पत्ता भरतो, ओटीपीची वाट बघतो. दोन मिनिटं कधीच उलटलेली असतात. डेव्हलपरला सांगा, लॉगिन करून चहा पिऊन ये आणि मग पैसे भर. लगेच दिसेल.

तात्पुरता इलाज म्हणजे सेशन कुकीवर 'सेमसाइट नन' आणि सोबत 'सिक्युअर' लावणं. दुसऱ्याशिवाय पहिलं चालत नाही, म्हणजे साइट एचटीटीपीएसवर हवीच. पीएचपी ७.३ पासून त्यासाठी सरळ सेटिंग आहे. त्याआधीच्या व्हर्जनमध्ये कुकीच्या 'पाथ'च्या मागे तो मजकूर चिकटवण्याची युक्ती लोक करत. दिसायला ओंगळ, पण चालते.

माझं मत विचाराल तर ऑर्डर पूर्ण झाली की नाही हे ग्राहकाच्या ब्राउझरवर सोपवणंच चूक होतं. तो परत येताना टॅब बंद करू शकतो, त्याचं नेट जाऊ शकतं. गेटवेकडून आलेल्या ऑर्डर क्रमांकाची सही तपासा, तुमच्या सर्व्हरने गेटवेच्या सर्व्हरला थेट विचारून खात्री करावी, आणि त्यावरून ऑर्डर पुरी करावी. सेशन असो वा नसो.

प्रश्न: आमचा सर्व्हर दुसऱ्या एका सेवेकडून माहिती आणतो. 'सर्टिफिकेटची मुदत संपली' असा एरर येतो. ब्राउझरमध्ये तेच सर्टिफिकेट वैध दिसतं!

ब्राउझर ताजा आहे, तुमच्या सर्व्हरवरची विश्वासू संस्थांची यादी शिळी आहे. ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या साखळीतलं एक जुनं मूळ सर्टिफिकेट संपलं, तेव्हा सर्टिफिकेट तपासणाऱ्या ओपनएसएसएलची १.०.२ आणि त्याआधीची व्हर्जनं वापरणारे असंख्य सर्व्हर याच एररवर अडकले होते. ती यादी अपडेट करा, मुदत संपलेलं मूळ सर्टिफिकेट काढा. 'व्हेरिफाय' बंद करून प्रश्न सुटलेला दिसतो, पण मग पलीकडे कोण बोलतंय हे तुमचा सर्व्हर विचारणारच नाही. तसं करू नका. ऑपरेटिंग सिस्टिम सेंटओएस ७ असेल, तर तिचाही सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, त्याहून जुनीचा तर त्याआधीच.

प्रश्न: अँग्युलरजेएस या ब्राउझरमधल्या जुन्या फ्रेमवर्कवर केलेलं मोठं अंतर्गत पोर्टल आहे. सगळं फेकून नव्याने लिहावं, असं नवीन टीम म्हणते. लिहावं का?

नवीन टीम नेहमीच असं म्हणते. मीही म्हणायचो.

काळजी खरी आहे. अँग्युलरजेएसचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२१ ला संपला, आणि २०१६ मध्ये आलेलं अँग्युलर २ हे नावापुरतंच त्याचं भावंड, व्हर्जन वाढवून तिकडे जाता येत नाही. पण जुन्या कोडमध्ये जे विचित्र 'इफ' दिसतात, त्यांतल्या पुष्कळांमागे एखादा खरा प्रसंग असतो: त्या वर्षी बदललेला नियम, दोनदा भरली गेलेली फी. एकदम नव्याने लिहिताना ते सगळे नियम गळतात आणि एकेक करून तक्रारींच्या रूपाने परत येतात. तोवर जुन्यात नवी सोय घालायची नाही, नवं अजून तयार नाही, अशा अधांतरी अवस्थेत महिने जातात.

सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये यासाठी एका झाडाची उपमा दिली होती. हे झाड दुसऱ्या झाडावर उगवतं, त्याला हळूहळू वेढतं आणि शेवटी त्याची जागा घेतं. आपण भिंतीत उगवलेला पिंपळ पाहिलेला असतो, तेव्हा हे समजावून सांगायला नको. पुढे एक प्रॉक्सी (आलेली मागणी कुठे पाठवायची ते ठरवणारा मधला सर्व्हर) ठेवा. पानांचे बहुतेक पत्ते (यूआरएल) जुन्या पोर्टलकडेच जाऊ द्या. एक पान निवडा, सगळ्यात महत्त्वाचं नको आणि बिनकामाचंही नको. तेवढंच नव्यात लिहा आणि तेवढाच पत्ता नव्याकडे वळवा. लॉगिन दोन्हीकडे एकच चालेल याची सोय आधी करा, सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. पहिल्या पानाला जेवढे दिवस लागले त्यावरून उरलेल्यांचा अंदाज बांधा, आणि मग टीमला पुन्हा विचारा.

प्रश्न: एका बंद झालेल्या नियतकालिकाची जुनी साइट सांभाळतो. त्यात आता नवीन काही येणार नाही, पण लेख वाचायला मिळत राहावेत. तरी दर काही महिन्यांनी काहीतरी बंद पडतं.

मग तिला पीएचपी आणि डेटाबेस हवाच कशाला? wget या साइट उतरवून घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या 'मिरर' पर्यायाने सगळी पानं साध्या एचटीएमएल फाइली म्हणून उतरवून घ्या आणि तेवढ्याच ठेवा. अपडेट करायला काही राहत नाही, हॅक करायलाही फारसं काही उरत नाही. शोध आणि संपर्काचा फॉर्म बंद होईल, ते दुवे पानांवरून काढून टाका. ज्या पत्त्यांत प्रश्नचिन्ह आहे त्यांच्या फाइलींची नावं वेडीवाकडी होतात. जुने पत्ते नव्या फाइलींकडे वळवण्याची यादी डेटाबेस जिवंत आहे तोवरच काढून ठेवा, कारण कोणता लेख कोणत्या क्रमांकावर आहे हे त्यालाच माहीत आहे.