कोथरूडहून शिवाजीनगरला कार सोडून रोज सायकलने कामावर जाणे जमेल का?

होय, हे सहा-सात किलोमीटरांचे अंतर रोज सायकलने सहज जमते. मात्र एक पावसाळा पार पडेपर्यंत कार विकू नका. ताशी १५ किलोमीटरांचा बेताचा वेग धरला तरी अर्ध्या तासात पोहोचता येते, आणि संध्याकाळी कर्वे रस्त्यावर कारलाही त्याहून फार कमी वेळ लागत नाही, हे मी त्याच रस्त्याने गेली चार वर्षे सायकलवरून ये-जा करताना पाहिले आहे. मोठा चढ नसल्याने महागडी गियरची सायकल घेण्याचे कारण नाही; त्याऐवजी दोन्ही चाकांना पूर्ण लांबीचे मडगार्ड आणि मागे लाल दिवा घ्या, कारण मडगार्ड नसेल तर जूनच्या पहिल्याच सरीत मागचे चाक शर्टाच्या पाठीवर चिखलाची उभी रेघ ओढते. भिजलेली चेन त्याच रात्री पुसून तिला तेल द्यावे. कचेरीत एक कोरडा शर्ट ठेवावाच लागतो. मुसळधार पावसात खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, त्यामुळे अशा दिवशी हट्ट न करता वनाझहून मेट्रोने जावे.